तिसरा दांडा

संक्रांत होऊन आठवडा झाला. अकोल्याच्या जठारपेठेतली सकाळ अजून गार आहे. चौकाच्या बाजूनं भाजीच्या हातगाड्यांचा आवाज येऊ लागलाय, दूधवाला येऊन गेलाय, आणि पहिल्या मजल्यावरच्या आमच्या पूर्वेच्या गॅलरीत उन्हाची तिरीप पोचायला अजून अर्धा तास आहे. हा अर्धा तास मी ऑर्किडच्या कुंडीसमोर बसते. एरवी चहा संपेपर्यंतच बसते. गेले आठ दिवस चहा संपला तरी उठवत नाही, कारण एक गोष्ट ठरवायची राहिली आहे.

झाडाला या वर्षी तीन दांडे आलेत.

झाड फॅलेनॉप्सिसचं. २०२२ च्या दिवाळीत लेकीनं पुण्याहून आणलं, तेव्हा गुलाबी फुलांनी लवलेलं होतं. आज त्याला सात पानं आहेत. जाड, तळहाताहून लांब, दोन्ही अंगांना एकाआड एक पसरलेली. नोव्हेंबरच्या शेवटी वरून तिसऱ्या आणि चौथ्या पानाच्या बगलेतून एकेक दांडा निघाला, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. दोन्ही आता दीड वीत झालेत. शेंड्यांवर मुगाच्या दाण्याएवढ्या कळ्यांची ओळ दिसते. तिसरा मात्र भोगीच्या दिवशी दिसला. खालच्या, सहाव्या पानाच्या बगलेतून हिरवं काहीतरी डोकावत होतं. मूळ असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही. मूळ आणि दांडा सुरुवातीला सारखेच दिसतात; फरक टोकात असतो. मुळाचं टोक गोल, गुळगुळीत, ओलसर चकाकणारं, आणि ते लवकरच खाली वळतं. दांड्याचं टोक चपटं, राघूच्या मिटलेल्या चोचीसारखं किंचित बाकदार, आणि ते वर बघतं. दोन दिवसांनी पाहिलं तर चोच वर वळलेली.

ज्वारीचं कणीस बाहेर पडलं की आमच्याकडे ज्वारी निसवली म्हणतात. त्याआधी ती पोटरीत असते. कणीस पानाच्या आवरणात असतं, बाहेरून फक्त फुगवटा जाणवतो. ऑर्किडला हा शब्द कुणी लावत नाही. दुकानदार स्पाईक म्हणतात, घरोघरी दांडा किंवा तुरा म्हणतात. पण त्या बगलेतून चोच बाहेर येताना पाहिली आणि माझ्या मनात निसवणं हाच शब्द आला. शेतकऱ्याच्या घरात जन्मले, त्याचा हा परिणाम.

हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी तिळगूळ हाती घेण्याआधी झाड पाहिलं. "अवं माय, तीन-तीन तुरे!" शेजारच्या काकू म्हणाल्या. एक खुडावा की काय असं मनात आहे, एवढं मी बोलले मात्र, त्यांनी माझा हातच धरला. "राहू दे सारे. देवानं देल्लं थे कायले कापतं?"

मला लगेच उत्तर देता आलं नाही. हौस माझीही तीच आहे. तीन दांडे म्हणजे वीस-पंचवीस फुलं, म्हणजे फाल्गुनभर गॅलरी उजळलेली. पण याच झाडानं मला दोन वर्षांपूर्वी जे दाखवलं, ते त्या बायकांनी पाहिलेलं नव्हतं.

२०२४ च्या जानेवारीत त्याला पाच पानं होती आणि दोन दांडे आले होते. मी दोन्ही ठेवले. फेब्रुवारी-मार्चमध्ये चौदा फुलं आली. ज्याला त्याला बोलावून दाखवली. फुलं गळल्यावर कुठंतरी वाचलेला सल्ला अमलात आणला: दांडा बुडाशी न कापता खालून दुसऱ्या पेराच्या वर कापायचा, म्हणजे त्या पेरावरच्या डोळ्यातून नवी फांदी फुटते आणि त्याच दांड्यावर पुन्हा फुलं येतात. सल्ला खोटा नव्हता. खरोखरच दोन्ही दांड्यांना फांद्या फुटल्या, एप्रिलच्या मध्यावर कळ्याही धरल्या. मी हरखून गेले.

आणि मे उजाडला. २०२४ चा मे अकोल्यात कुणी विसरणार नाही. उष्णतेच्या लाटेमुळे जिल्ह्यात कलम १४४ लागू करावं लागलं होतं. पारा ४५ च्या वर. गॅलरीतली फरशी संध्याकाळी सातलासुद्धा अनवाणी पायांना सोसवत नव्हती. झाड मी आत आणलं, कूलरच्या खोलीत ठेवलं, पण उशीर झाला होता. आधी कळ्या पिवळ्या पडून गळल्या, सगळ्या, एकीचंही फूल झालं नाही. मग खालची दोन पानं मऊ पडली, त्यांना बारीक सुरकुत्या पडल्या, आजारी माणसाच्या हातावर पडतात तशा, आणि ती पिवळी होऊन सुटली. कुंडीतून झाड काढून पाहिलं तर अर्ध्याहून जास्त मुळं पोकळ. बोटांनी दाबली की साल निघून यायची आणि आतला दोरा हातात राहायचा. जूनमध्ये पाऊस आला तेव्हा झाड तीन पानांवर होतं.

त्याच जूनमध्ये मामा आले होते. वरुडच्या बाजूला त्यांची संत्र्याची बाग आहे, आयुष्य बहार धरण्यात गेलं. ऑर्किड त्यांनी त्याआधी पाहिलंही नव्हतं. मी सगळी हकिगत सांगितली, दोन दांडे, मग पुन्हा फांद्या, मग मे. त्यांनी कुंडी हातात घेऊन फिरवली, पोकळ मूळ दाबून पाहिलं आणि म्हणाले, "बाई, तू याचे दोन बहार घेतले. एका झाडाले दोन बहार मांगाव नाही."

संत्र्याची बाग ज्यांनी जवळून पाहिली त्यांना हे सांगावं लागत नाही. आंबिया बहाराची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत येतात, फळ दिवाळीच्या पुढेमागे निघतं. मृगाची फुलं पहिल्या पावसावर येतात, फळ पुढच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये. हस्त बहारही येतो, पण त्यावर भिस्त ठेवत नाहीत. झाडाला सोडून दिलं तर ते थोडं थोडं तिन्ही वेळा फुलतं, अंगावर कायम फळ राहतं आणि कधीच विसावत नाही. म्हणून बागायतदार एक बहार ठरवतो. त्या बहाराआधी पाणी तोडून झाडाला ताण देतो, जमीन हलकी की भारी ते पाहून महिना-दोन महिने, आणि मग पाणी सोडतो. ताणलेलं झाड एकदम फुटतं. दुसऱ्या बहाराची जी चुकार फुलं येतात ती धरत नाहीत. दोन्ही बहार धरलेली झाडं मामांच्या शब्दांत "बसतात". एक-दोन वर्षं भरपूर देतात, मग फांद्या वाळू लागतात. आंब्याच्या कलमाचंही तसंच. पहिली तीन-चार वर्षं येईल तो मोहोर खुडून टाकतात. लावणाऱ्याच्या जिवावर येतं, पण खुडतात.

मी वाचलेला सल्ला जिथं लिहिला गेला असेल तिथं एप्रिल-मे म्हणजे सुखद वसंत असणार. तिथं फुलं संपल्यावर झाडासमोर उबदार, दमट, वाढीचे महिने असतात; थोडी जास्तीची फुलं दिली तरी भरून निघतं. वऱ्हाडात फुलं संपली की समोर उन्हाळा उभा असतो. आमच्या झाडाला मार्चपासून जूनपर्यंत फक्त जगायचं असतं. हा एवढा फरक ध्यानात आला असता तर माझी दोन पानं आणि दोन वर्षं वाचली असती.

झाडाच्या अंगी बळ कुठं साठतं, हे कळलं की बाकीचं आपोआप कळतं. डेंड्रोबियमला उसासारख्या जाड कांड्या असतात, त्यांत पाणी आणि अन्न साठतं. फॅलेनॉप्सिसला कांड्या नाहीत, कंद नाही. जे काही आहे ते पानांत आणि मुळांत. म्हणून याच्या पानाला हात लावून पाहावं. ताठ, जड, थंड लागलं तर तिजोरी भरलेली आहे. लवचीक, सुरकुतलेलं लागलं तर दांड्याचा विचारच नको. फुलांचा एक दांडा तयार व्हायला तीन महिन्यांच्या आसपास लागतात, मग फुलं आठवडेच्या आठवडे टिकतात, आणि या सगळ्या काळात झाड त्या साठ्यातून काढत असतं. थंडीत नवं पान जवळजवळ येतच नाही. खर्च आहे, आवक नाही.

दांडा येतो तो थंडीमुळे, आणि हेही नीट समजून घ्यायला हवं, कारण इथं संत्र्याचा नियम लावला तर झाड जाईल. संत्रं पाण्याच्या ताणानं फुटतं. फॅलेनॉप्सिसला पाण्याचा ताण देऊ नये; त्याला हवी रात्रीची गारवा धरलेली हवा. व्यापारासाठी ही झाडं वाढवणारे लोक पानं वाढवायची तेव्हा हरितगृह २८ अंशांच्या आसपास ठेवतात, आणि दांडे हवे असले की २५ च्या खाली आणतात. आमच्याकडे हे काम कार्तिक-मार्गशीर्ष फुकटात करून देतात. दिवाळीनंतर अकोल्यात रात्रीचा पारा उतरू लागतो, पुढे १२-१४ पर्यंत जातो, आणि महिन्या-दीड महिन्यात पानांच्या बगला जाग्या होतात. प्रत्येक पानाच्या बगलेत डोळा असतोच. झाड सशक्त असेल तर एकाऐवजी दोन-तीन डोळे एकाच हिवाळ्यात उघडतात. काही संकरित वाण तर मुद्दाम असेच निवडलेले असतात, कारण दोन दांड्यांची कुंडी बाजारात एका दांड्याच्या कुंडीपेक्षा महाग जाते. तेव्हा अनेक दांडे येणं हे झाड सुखात असल्याचं लक्षण असू शकतं, आणि त्याच्या जातीचा गुणही असू शकतो. ते पेलण्याची ताकद आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही. ते पानांवरून कळतं.

मागच्या हिवाळ्यात, चार पानांवर असताना, त्याला एक दांडा आला होता. तो मी बोटभर असतानाच कापला. वर्षभर एकही फूल पाहिलं नाही. घरात सगळ्यांना वाईट वाटलं, मलाही. पण त्या पुढच्या पावसाळ्यात झाडानं एकामागून एक तीन पानं काढली आणि प्रत्येक पान आधीच्याहून मोठं निघालं. पावसाचं पाणी ड्रममध्ये धरून ठेवलं होतं तेच घालत होते. आमच्याकडे नळ काही दिवसांआड येतो, साठवलेलं पाणी किंवा बोअरचं पाणी वापरावं लागतं. आणि पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाण पट्ट्याची, तिथल्या खाऱ्या पाण्याची, गोष्ट वऱ्हाडात लहान मुलालाही माहीत आहे. ऑर्किडच्या मुळांना क्षार सोसत नाहीत, टोकं काळी पडतात. पावसाच्या पाण्याइतकं दुसरं काही त्याला मानवत नाही. कृषी केंद्रात मिळणारं १९:१९:१९ लिटरभर पाण्यात अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा, आणि चौथ्या आठवड्याला नुसतं पाणी. बस. दांडे आल्यावर दुसरं कुठलं तेज खत दिलं की फुलं वाढतात, असं सांगणारे भेटतात. मी देत नाही. फुलांची बेगमी पावसाळ्यातच झालेली असते.

इथं एक गोष्ट मनात येते आणि ती सांगितल्यावाचून राहवत नाही. ऑर्किड म्हणजे परदेशी, श्रीमंतांचं, एसीतलं झाड, असा आपला समज झालाय. पण आपल्या अंगणापासून दीडशे किलोमीटरच्या आत, मेळघाटात, मोहाच्या-आंब्याच्या फांद्यांना धरून वांडा टेसेलाटा उन्हाळ्यात फुलतो. पिवळट-तपकिरी जाळीदार पाकळ्या, निळसर जांभळी जीभ, आणि सुवास. वांडा हे नावच मुळी संस्कृतातलं. दुसऱ्या झाडावर वाढणाऱ्या वनस्पतीला 'वंदा' म्हणत, ते सर विल्यम जोन्स यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस टिपलं आणि वनस्पतिशास्त्रानं कायम केलं. आपण मात्र त्याला बांडगूळ समजून काढून टाकतो. बांडगूळ झाडाच्या आत मुळं घालून रस शोषतं. ऑर्किड फक्त सालीला धरून बसतं आणि पाऊस, धुकं, सालीवर साचलेला पालापाचोळा यांवर जगतं. सह्याद्रीतल्या एका ऑर्किडला आपल्या लोकांनी सीतेची वेणी म्हटलं, आषाढात जमिनीतून एका पानासह उगवणाऱ्या पांढऱ्या फुलाला आषाढ आमरी म्हटलं. ज्यांनी ही नावं ठेवली त्यांनी ही फुलं परकी मानली नव्हती. चिखलदऱ्याला फिरायला गेलात आणि फांदीवर दिसलं, तर पाहा, वास घ्या, तिथंच राहू द्या. तो व्याघ्रप्रकल्पाचा मुलूख आहे, आणि कायद्याचं सोडलं तरी, तिथून उपटून आणलेलं रोप जठारपेठेतल्या गॅलरीत उन्हाळा काढत नाही.

ज्याला ऑर्किडची नुकतीच हौस लागली आहे त्याला मी डेंड्रोबियम घ्यायला सांगते. ते आपल्या उन्हाला फॅलेनॉप्सिसपेक्षा पुष्कळ बरं टिकतं. त्याला एका कांडीच्या शेंड्याजवळून दोन-तीन तुरे आले तरी खुडायचं कारण नाही, कारण मागे कांड्यांचा साठा उभा असतो. पानं झडलेली जुनी कांडीसुद्धा फुलते, म्हणून ती वाळलेली समजून कापायची नाही. माझी ही सगळी उलघाल फॅलेनॉप्सिसपुरती आहे.

काल रात्री मामांना फोन केला. त्यांच्या बागेचा ताण नुकताच तुटलाय, पाणी सोडलंय, फूट दिसायला लागली आहे. ते खुशीत होते. मी विचारलं, तीन दांडे आलेत, काय करू? त्यांनी उलट विचारलं, "पानं किती हाय?" सात. "मांगच्या खेपेले किती होते?" पाच, आणि दांडे दोन. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "दोन राहू दे. तिसरा लहान हाय तवरच काढ. मोठा झाल्यावर काढशीन त काढल्याचा काय फायदा? खाऊन बसला राहीन थो."

हे त्यांचं शेवटचं वाक्य मी रात्री बराच वेळ मनात घोळवलं. दांडा जितका लांब झाला तितका त्यानं झाडाचा साठा वापरला. कळ्या आल्यावर कापला तर झाडाला जवळजवळ काहीच परत मिळत नाही. म्हणजे निर्णय घ्यायचा तर तो दोन बोटांचा असताना, जेव्हा तो सगळ्यात गोजिरा दिसतो आणि त्याच्यात सगळं व्हायचं बाकी असतं, तेव्हाच. आपण नेमकं तेव्हाच थांबतो. बघू, थोडा वाढू दे, म्हणतो. माझ्या पिढीच्या बायकांनी घर, नोकरी, सासर, माहेर, देवधर्म, मंडळ सगळंच वाढू दिलं. एकही दांडा खुडायचा नाही हीच आम्हाला शिकवण होती, आणि तिचं कौतुकही झालं. माझ्या बरोबरीच्या कितीजणींच्या हातावर आज त्या सुरकुत्या आहेत, ते मी हळदीकुंकवाला हात पुढे आले तेव्हा पाहिलं. काकूंचा हात त्यांतलाच. देवानं दिलेलं का कापतेस, हे त्या झाडाबद्दल बोलत होत्या तेव्हा मला वाटलं, यांनी स्वतःसाठी हा प्रश्न कधी उलटा विचारला असेल का. विचारायला हवा होता, असं मला मनापासून वाटतं.

सात पानं, दोन दांडे. एका दांड्यामागे तीन निरोगी पानं, हा माझा ठोकताळा आहे. पुस्तकातला नाही, या एका झाडानं शिकवलेला. एक पान वरकड राहतं, ते उन्हाळ्यासाठी.

ऊन गॅलरीच्या कठड्यावर आलंय. ब्लेड मेणबत्तीच्या ज्योतीवर धरलं, दोन्ही बाजूंनी, आणि गार होऊ दिलं. हे आळस न करता करावं, कारण ऑर्किडचे काही विषाणू एका झाडाच्या रसातून दुसऱ्यात जातात ते कापणाऱ्या पात्यावरूनही, आणि त्यांना औषध नाही. डाव्या हातानं सहावं पान किंचित खाली दाबलं. दांडा दोन बोटांचा, पोपटी, बुडाशी थोडा जांभळट. ब्लेड पानाच्या अगदी जवळ नेलं, पानाला न लागेल असं, आणि एकदाच ओढलं. आवाज झाला नाही. कापलेल्या जागी पाण्याचा एक थेंब गोल उभा राहिला, त्यात गॅलरीची जाळी उलटी दिसली. तो टिपून चिमूटभर दालचिनीची पूड लावली, फक्त जखमेवर. मुळांवर पडली तर मुळं सुकवते. तुकडा हातात आला तो ओला, थंड आणि वजनाला काहीच नाही असा होता. टोकाची चोच बोटानं उघडून पाहिली. आत हिरव्या खवल्यांखाली आणखी खवले, फूल अजून कुठंच नाही.

उरलेल्या दोघांना आता आधार द्यायचाय. बांबूची बारीक काडी मुळं चुकवून कुंडीत रोवायची आणि दांडा तिला सैल धरायचा. लहान मुलींच्या केसांच्या चिमट्यांनी हे काम छान होतं. दोन दांडे दोन बाजूंना झुकले की वजन सारखं पडतं, दोन्ही एकीकडे असले की प्लॅस्टिकची कुंडी कलंडते, म्हणून ती जड मातीच्या कुंडीत बसवलीय. आता फुलं येईपर्यंत कुंडी फिरवायची नाही. दांडा उजेडाकडे तोंड करून कळ्या मांडत असतो, आपण कुंडी वळवली की त्याची मांडणी बिघडते. पाणी सकाळीच, पानांच्या मधल्या पोंग्यात न साचेल असं. आणि घरात केळीचा घड टांगला असेल तर तो झाडापासून लांब, कारण पिकत्या फळातून जो वायू निघतो त्यानं कळ्या गळतात. पुढे आंब्याची अढी घालाल तेव्हाही हे ध्यानात ठेवा.

तुमच्या घरी फॅलेनॉप्सिस असेल आणि त्याला एकाहून जास्त दांडे आले असतील, तर आजच पानं मोजा, हात लावून पाहा. जे पेलणार नाही ते चार बोटांच्या आत असतानाच काढा. जे ठेवाल त्याची फुलं डोळे भरून पाहा, आणि गुढीपाडव्याला, फुलं शिल्लक असली तरी, दांडा पेराचा विचार न करता बुडाशी कापून फुलदाणीत ठेवा. पाण्यातही ती काही दिवस टिकतात. झाडाला मात्र चैत्र लागताच मोकळं करा.

माझ्या डावीकडच्या दांड्यावर आज सहा कळ्या आहेत, उजवीकडच्यावर पाच.